हस्तधृत खेळयंत्रातील बॅटरीचा अतिव्यय

हस्तधृत खेळयंत्रातील बॅटरीचा अतिव्यय : हातात धरून खेळावयाच्या इलेक्ट्रॉनीय खेळयंत्राची बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर रिकामी होणे, यास व्यवहारात ‘बॅटरी उतरणे’ असे म्हणतात. वस्तुतः हे एका विशिष्ट दोषाचे नाव नसून अनेक दोषांचे समान लक्षण होय. त्यामागे मुख्यत्वे चार भिन्न कारणे संभवतात : (१) खेळताना यंत्राचा शक्तिव्यय वाढणे, (२) बॅटरीची विद्युत् भार साठविण्याची क्षमता घटणे, (३) यंत्र वापरात नसतानाही त्यातून विद्युत् प्रवाह झिरपत राहणे आणि (४) शिल्लक भार दाखविणाऱ्या दर्शकाने चुकीचा आकडा दाखविणे. या चार कारणांवरील उपाय परस्परांहून भिन्न आहेत. कारण न शोधता बॅटरी बदलल्यास खर्च व्यर्थ जाण्याचा संभव असतो. याउलट, फुगलेली बॅटरी केवळ ‘जुनी झाली’ असे समजून वापरीत राहिल्यास आग लागण्याचा धोका उद्‌भवतो. ही यंत्रे बहुधा मुलांच्या हातात असल्याने हा भेद ओळखणे विशेष महत्त्वाचे ठरते.

मूलतत्त्व : यंत्र किती वेळ चालेल हे दोन राशींवर अवलंबून असते. बॅटरीत साठविलेल्या ऊर्जेस (वॉट-तास) यंत्राच्या सरासरी शक्तिव्ययाने (वॉट) भागले असता कार्यकाल तासांत मिळतो. कार्यकाल घटला म्हणजे एकतर भाज्य कमी झालेला असतो किंवा भाजक वाढलेला असतो. दोषनिदानाचे सर्व कार्य या दोहोंपैकी काय घडले आहे हे ठरविण्यात सामावलेले आहे.

निन्टेंडो या जपानी कंपनीच्या ‘स्विच’ या यंत्राचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. २०१७ साली विक्रीस आलेल्या या यंत्रात ४,३१० मिलिअँपिअर-तास क्षमतेची, म्हणजे सु. १६ वॉट-तास ऊर्जेची लिथियम-आयन बॅटरी होती आणि खेळानुसार तिचा कार्यकाल २.५ ते ६.५ तास असल्याचे कंपनीने घोषित केले होते. यावरून सरासरी शक्तिव्यय सु. ६.४ ते २.५ वॉट असल्याचे दिसते. २०१९ साली याच यंत्राची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात बॅटरी पूर्वीच्याच क्षमतेची होती. परंतु अधिक सूक्ष्म घडणीचा प्रक्रियक व कमी ऊर्जा घेणारी स्मृती वापरल्याने घोषित कार्यकाल ४.५ ते ९ तास झाला, म्हणजे शक्तिव्यय सु. ३.६ ते १.८ वॉटपर्यंत उतरला. याउलट, २०२५ साली आलेल्या ‘स्विच २’ मध्ये बॅटरीची क्षमता ५,२२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे सु. एक-पंचमांशाने अधिक असूनही घोषित कार्यकाल २ ते ६.५ तास इतकाच आहे. कारण अधिक शक्तिमान प्रक्रियक व मोठा पडदा यांनी ती वाढ खर्ची घातली. बॅटरीचा आकार आणि कार्यकाल यांचा संबंध सरळ नाही, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : शक्तिव्ययाचा प्रश्न या यंत्रांच्या जन्मापासूनच त्यांच्याशी निगडित आहे. १९८० साली निन्टेंडोने काढलेल्या ‘गेम अँड वॉच’ या छोट्या खेळयंत्रांत गणकयंत्रांप्रमाणे द्रव स्फटिकाचा पडदा व बटणाच्या आकाराचे विद्युत् घट वापरलेले होते. त्यांचे जनक गुनपेई योकोई यांनी पुढे १९८९ साली आलेल्या ‘गेम बॉय’ या यंत्राच्या निर्मितीतही प्रमुख भाग घेतला. गेम बॉयचा पडदा रंगहीन असून त्यास स्वतःचा प्रकाश नव्हता. बाहेरील प्रकाशाच्या परावर्तनावरच चित्र दिसे. यंत्राच्या पाठीवर ६ व्होल्ट व ०.७ वॉट असे अंक छापलेले असत. त्यावरून प्रवाह सु. ११७ मिलिअँपिअर येतो. व्यवहारात पेन्सिल सेल म्हणून ओळखले जाणारे चार अल्कलाइन घट २,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचे धरल्यास स्थूलमानाने १७ तासांचा कार्यकाल मिळतो. सेगा या कंपनीच्या १९९० सालच्या ‘गेम गिअर’ या यंत्रास रंगीत व मागून प्रकाशित केलेला पडदा होता. परंतु त्यास सहा पेन्सिल सेल लागत व ते तीन ते पाच तासांतच संपत. चित्र अधिक आकर्षक असूनही गेम बॉयच्या तुलनेत ते मागे पडले. त्यास इतरही कारणे होती. तथापि घटांचा वारंवार होणारा खर्च हे त्यांपैकी एक ठळक कारण होय.

पडद्याच्या प्रकाशास किती ऊर्जा लागते याचे प्रमाण २००३ सालच्या ‘गेम बॉय ॲडव्हान्स एसपी’ या यंत्रावरून काढता येते. त्यातील ६०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची लिथियम-आयन बॅटरी दिवा लावून सु. १० तास, तर दिवा बंद ठेवून सु. १८ तास चालत असे. याचा अर्थ, दिवा लावून खेळताना होणाऱ्या एकूण व्ययापैकी सु. ४५ टक्के भाग केवळ प्रकाशाचा होता.

शक्तिव्ययाचे घटक : आधुनिक यंत्रात पडदा, प्रक्रियक (केंद्रीय व चित्रनिर्मितीचा), बिनतारी संपर्काची मंडले, पंखा, ध्वनिक्षेपक व कंपन निर्माण करणारे चलित्र हे ऊर्जेचे मुख्य ग्राहक असतात. पडद्याचा व्यय त्याच्या तेजस्वितेबरोबर वाढतो. मागून प्रकाशित केलेल्या द्रव स्फटिक पडद्यात चित्र काळे असले, तरी सामान्यतः मागील दिवा जळतच असतो. स्वयंप्रकाशी (ओलेड) पडद्यात मात्र काळा बिंदू प्रकाश देत नसल्याने अंधारी दृश्ये कमी ऊर्जेत दिसतात.

प्रक्रियकातील अब्जावधी ट्रँझिस्टर सतत उघडझाप करीत असतात. या उघडझापेचा व्यय तिच्या कंप्रतेच्या व विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कंप्रता कमी केली की दाबही कमी ठेवता येतो. त्यामुळे गतीतील थोड्याशा कपातीनेही ऊर्जेत लक्षणीय बचत होते. म्हणूनच दर सेकंदास ६० ऐवजी ४० किंवा ३० चित्रे काढण्याची मर्यादा घातल्यास कार्यकाल वाढतो. २०२२ सालच्या ‘स्टीम डेक’ या यंत्रात ही मर्यादा वापरणाऱ्यास स्वतः ठरविता येते. त्यातील बॅटरी ४० वॉट-तासांची असून घोषित कार्यकाल २ ते ८ तास, म्हणजे सरासरी व्यय २० ते ५ वॉट होता. एकाच यंत्रात केवळ खेळ बदलल्याने व्यय चौपट होऊ शकतो. नवा खेळ घेतल्यावर ‘बॅटरी बिघडली’ अशी तक्रार उद्‌भवते, तिचे मूळ पुष्कळदा येथे असते.

बॅटरीची झीज : सांप्रतच्या बहुतेक सर्व हस्तधृत खेळयंत्रांत लिथियम-आयन बॅटरी वापरतात. सोनी या कंपनीने १९९१ साली ती प्रथम बाजारात आणली. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व आकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. प्रत्येक घटात ग्रॅफाइटचे ऋणाग्र, लिथियमयुक्त धातूच्या ऑक्साइडाचे धनाग्र आणि त्यांच्यामध्ये सेंद्रिय विद्रावकात विरघळविलेले लिथियमाचे लवण असते. विद्युत् भार भरताना लिथियमाचे आयन ग्रॅफाइटाच्या थरांत शिरतात व वापरताना परत जातात. पूर्ण भरलेल्या घटाचा दाब सामान्यतः ४.२ व्होल्ट व सरासरी दाब सु. ३.७ व्होल्ट असतो.

ग्रॅफाइटाच्या पृष्ठभागावर विद्रावकाच्या विघटनाने एक पातळ थर तयार होतो. तो संरक्षक असला, तरी हळूहळू जाड होतो व त्यात काही लिथियम कायमचे अडकून पडते. त्यामुळे क्षमता घटते व घटाचा अंतर्गत रोध वाढतो. ही झीज वापराने होते, तशीच नुसत्या कालगतीनेही होते. उच्च तापमान आणि दीर्घ काळ पूर्ण भरलेल्या स्थितीत राहणे या दोन गोष्टींनी तिचा वेग वाढतो. स्विच या यंत्राच्या वापरासाठी ५° ते ३५° से. ही तापमानमर्यादा सांगितलेली आहे. विदर्भात उन्हाळ्यात हवेचेच तापमान ४०° से. च्या वर जाते आणि उन्हात उभ्या मोटारीत ते याहून पुष्कळच अधिक असते, हे ध्यानात घेतल्यास आपल्याकडे बॅटरी लवकर का झिजते याचा उलगडा होतो.

अंतर्गत रोध वाढलेल्या घटाचे एक विशेष लक्षण आहे. हलक्या खेळात यंत्र ठीक चालते. परंतु जड खेळ सुरू होताच प्रवाह वाढून रोधामुळे दाब एकदम पडतो व दर्शकावर भार शिल्लक दिसत असतानाही यंत्र बंद होते. थोड्या विश्रांतीनंतर ते पुन्हा सुरू होते.

दर्शकाची चूक : लिथियम-आयन घटाचा दाब मधल्या टप्प्यात फारच थोडा बदलतो, त्यामुळे केवळ दाबावरून शिल्लक भार अचूक कळत नाही. म्हणून यंत्रातील एक संकलित मंडल आत गेलेल्या व बाहेर आलेल्या विद्युत् भाराचा जमाखर्च मांडीत असते. दीर्घ काळ अर्धवट भरणे व अर्धवट वापरणे चालू राहिल्यास या हिशेबात चूक साचते. आकडा २० टक्क्यांवरून एकदम शून्यावर येणे किंवा १ टक्क्यावर दीर्घ काळ थांबून यंत्र चालू राहणे, ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी यंत्र पूर्ण भरून, सलग वापराने जवळजवळ रिकामे करून, काही काळ बंद ठेवून पुन्हा पूर्ण भरावे. असे दोनतीन वेळा केल्यास हिशेब बहुधा जुळतो. हा उपाय दर्शकाचा आहे, बॅटरीचा नव्हे. प्रत्येक वेळी बॅटरी पूर्ण रिकामी करावी, हा समज निकेल-कॅडमियम घटांच्या काळातील असून लिथियम-आयन घटास तो अपायकारक आहे.

दोषनिदानाची पद्धती : सर्वप्रथम यंत्राचे बाह्य निरीक्षण करावे. पाठ उंचावलेली, पडदा कडेने उचललेला किंवा सांध्यात नवी फट पडलेली दिसल्यास पुढील कोणतीही चाचणी करू नये. यंत्र बंद करून खाली दिलेली सुरक्षिततेची कृती करावी. असे काही नसल्यास पुढील चार चाचण्या क्रमाने घ्याव्यात.

(१) कार्यकालाची चाचणी : यंत्र पूर्ण भरून, पडद्याची तेजस्विता ठराविक ठेवून, एकच परिचित खेळ यंत्र बंद होईपर्यंत चालवावा व वेळ नोंदवावा. पूर्वी त्याच खेळास पाच तास मिळत असतील व आता तीन तास मिळत असतील, तर घट खरी आहे. वेळ पूर्वीइतकाच असेल, तर तक्रार नव्या खेळाची किंवा दर्शकाची आहे.

(२) विश्रांतीची चाचणी : एका रात्री यंत्र निद्रास्थितीत व दुसऱ्या रात्री पूर्ण बंद ठेवून सकाळी शिल्लक भार पाहावा. उदा., १६ वॉट-तासांच्या बॅटरीतून आठ तासांत १० टक्के भार गेला, तर सरासरी ०.२ वॉट व्यय सतत चालू होता, असे ठरते. निद्रास्थितीत भार जातो, पण पूर्ण बंद ठेवल्यास जात नाही, असे आढळल्यास कारण बहुधा आज्ञावलीत असते. निद्रेतही इंटरनेटची जोडणी टिकवून खेळांच्या सुधारित आवृत्त्या उतरवून घेणे चालू असते. ते बंद करून किंवा विमान-स्थिती लावून चाचणी पुन्हा घ्यावी. पूर्ण बंद असतानाही भार जात असेल, तर घटाचे आंतरिक विसर्जन किंवा मंडलातील झिरप हे कारण असून ते जाणकाराकडून तपासून घ्यावे लागते.

(३) भरणाची चाचणी : भाज्य घटले की भाजक वाढला, याचा निर्णय या चाचणीने लागतो. यंत्र वापरून रिकामे झाल्यावर ते पूर्ण बंद ठेवावे. चार्जर व यंत्र यांच्यामध्ये यूएसबी मापक जोडून पूर्ण भरेपर्यंत किती वॉट-तास ऊर्जा आत गेली, ते मोजावे. रूपांतरातील हानीमुळे हा आकडा बॅटरीवर छापलेल्या आकड्याहून थोडा अधिक असावयास हवा. १६ वॉट-तासांच्या बॅटरीने जेमतेम १० वॉट-तास घेतले, तर तिची क्षमता घटली आहे व ती बदलणे योग्य होय. तिने १८ वॉट-तासांच्या आसपास घेतले, तर बॅटरी सुस्थितीत आहे व दोष शक्तिव्ययात शोधावा.

(४) चार्जर व तारेची चाचणी : चार्जर लावून खेळत असतानाही भार उतरत असेल, तर बॅटरीस दोष देण्यापूर्वी पुरवठा पाहावा. ५ व्होल्ट व ०.५ अँपिअर देणारा जुना चार्जर केवळ २.५ वॉट पुरवतो. ६ वॉट घेणाऱ्या खेळास ते पुरेसे नाहीत व उरलेली ऊर्जा बॅटरीतूनच जाते. तार सदोष असल्यासही हेच घडते. दुसरी चांगली तार व यंत्राबरोबर आलेला चार्जर वापरून पाहणे हा येथील सोपा उपाय होय.

जुन्या यंत्रांतील दोष : पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्रांत प्रथम स्पर्शपट्ट्या तपासाव्यात. अल्कलाइन घट गळल्यास बाहेर येणाऱ्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडामुळे पट्ट्यांवर पांढरा किंवा निळसर-हिरवा थर बसतो. या थराचा रोध अर्धा ओहम असला व प्रवाह ०.५ अँपिअर असला, तरी ०.२५ व्होल्ट दाब वाया जातो आणि नवे सेलही उतरल्यासारखे भासतात. कापसाच्या बोळ्यास थोडे व्हिनेगर लावून थर काढावा, नंतर स्वच्छ पुसून पट्टी पूर्ण कोरडी करावी. गेम गिअरसारख्या यंत्रांत विद्युत् विच्छेद्य धारित्रे कालांतराने गळतात. त्यांमुळे पडदा अंधुक होणे, आवाज क्षीण होणे हे दोष उद्‌भवतात. तेथे धारित्रेच बदलावी लागतात.

जुन्या खेळांच्या कार्ट्रिजमध्ये (आपल्याकडे व्यवहारात हिला ‘कॅसेट’ म्हणतात) अनेकदा आणखी एक नाण्याएवढा घट असतो, याकडे दुर्लक्ष होते. गेम बॉयच्या अशा कार्ट्रिजमध्ये खेळाची प्रगती ज्या स्मृतीत नोंदविलेली असते, तिला अखंड वीजपुरवठा लागतो व तो हा घट करतो. १९९९ सालच्या ‘पोकेमॉन गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ या खेळांत हाच घट आतील घड्याळही चालवितो. त्यामुळे तो अधिक लवकर संपतो व संपताच सर्व नोंद पुसली जाते. घट काढून नवा बसवितानाही पुरवठा खंडित होऊन नोंद जाते. म्हणून ती आधी संगणकावर उतरवून घ्यावी. २००२ सालच्या ‘रूबी’ व ‘सफायर’ या खेळांत मात्र नोंद विजेविना टिकणाऱ्या स्मृतीत असते. त्यांतील घट संपल्यास केवळ घड्याळ थांबते, नोंद सुरक्षित राहते. बालपणीच्या खेळाची नोंद जपून ठेवू इच्छिणाऱ्यास हा फरक माहीत असणे अगत्याचे आहे.

सुरक्षितता : घटातील विद्रावकाचे विघटन होऊन वायू निर्माण झाल्यास पातळ वेष्टनाची बॅटरी फुगते. हा विद्रावक ज्वालाग्राही असतो. फुगलेली बॅटरी दाबली, टोचली किंवा पुन्हा भरली गेल्यास आत मंडल संक्षेप होऊन तापमान अनावर वाढते व ती पेट घेऊ शकते. असे यंत्र चार्जरवर लावू नये, मुलांच्या हाती देऊ नये व फुगवटा दाबून बसविण्याचा प्रयत्न करू नये. ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर, कोरड्या जागी ठेवून ते दुरुस्तीच्या जाणकाराकडे न्यावे. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांन्वये वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे ती अधिकृत संकलन केंद्रात द्यावी. नवी बॅटरी घेताना दाब, क्षमता व जोडणी मूळ बॅटरीशी जुळते का हे पाहावे. त्याच आकाराच्या बॅटरीवर अवास्तव मोठी क्षमता छापलेली असल्यास तिच्यावर विश्वास ठेवू नये.

निगा : यंत्र दीर्घ काळ वापरावयाचे नसल्यास बॅटरी सु. निम्मी भरून थंड व कोरड्या जागी ठेवावी. पूर्ण रिकामी ठेवल्यास दाब मर्यादेखाली जाऊन घटातील तांब्याची पट्टी विरघळू लागते व संरक्षक मंडल ती पुन्हा भरू देत नाही. याच कारणास्तव न वापरलेले स्विच यंत्रही सहा महिन्यांतून एकदा तरी भरावे, अशी निर्मात्याची सूचना आहे. खेळताना भरणे टाळता आल्यास तापमान कमी राहते. उशी, गादी किंवा पांघरुणावर ठेवून खेळल्यास हवेचे मार्ग बंद होतात, हेही टाळावे.

बॅटरी ही काळाबरोबर झिजणारी वस्तू असल्याने कार्यकालात काही घट होणे अपरिहार्य आहे. तथापि केवळ घटीच्या अनुभवावरून बॅटरी किंवा यंत्र टाकून देणे योग्य नव्हे. दोन रात्रींचे निरीक्षण व एकदा केलेले भरणाचे मापन एवढ्यावर बहुतेक प्रसंगी कारण निश्चित होते आणि पुष्कळदा उपाय तेजस्विता कमी करणे, जोडणी बंद करणे किंवा तार बदलणे इतकाच असतो. यास अपवाद एकच : बॅटरी फुगलेली दिसल्यास मापनासाठी न थांबता वापर तत्काळ बंद करावा.